चौथी पिन

गुरुवारी सकाळी डेल्बर्ट झास्ट्रोच्या खिशात तीन चिठ्ठ्या होत्या. तिन्हींवर त्याने एकच गोष्ट काढली होती: तळघराच्या भिंतीतला सॉकेट, ज्यात त्याच्या बायकोचा, मर्नाचा, कपडे वाळवायचा ड्रायर लावलेला असे. पहिल्या चित्रात तीन भोकं होती, दुसऱ्यात चार आणि तिसऱ्यात पुन्हा तीनच, पण त्यातलं एक वाकडं. ज्या भिंतीसमोर उभं राहून तो चाळीस वर्षं बिअरच्या बाटल्या धूत आला होता, ती भिंत त्याला आठवेना. खाली जाऊन बघायला दोन मिनिटं पुरली असती. पण तो जिन्याकडे वळला की मर्ना विचारणार, "नॉर्बला फोन केलास का?" आणि तो प्रश्न त्याला नको होता.

नॉर्ब पँक्रात्झ म्हणजे मर्नाचा धाकटा भाऊ. पस्तीस वर्षं वायरमनचं काम करून निवृत्त झालेला. डेल्बर्टने त्याच्याशी दोन वर्षं तोंड उघडलं नव्हतं.

कारण ऐकलं तर कुणीही हसेल. गावात घरी बिअर करणाऱ्यांचं एक मंडळ आहे, त्याची वर्षातून एकदा स्पर्धा असते. बाटल्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. परीक्षक चाखतात आणि पन्नासपैकी गुण देतात. त्या वर्षी डेल्बर्टच्या बाटलीला एकोणीस मिळाले. खाली लिहिलं होतं, "उकडलेल्या मक्याचा वास. उकळी कमी पडली असावी." आणि सही नॉर्बची. बाटली कुणाची हे नॉर्बला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नव्हतं म्हणूनच ते जास्त लागलं. डेल्बर्टने घरी येऊन उरलेल्या बाटल्या एकामागून एक उघडून चाखल्या. त्याला मका कुठेच सापडला नाही. तेव्हापासून नॉर्ब चर्चमध्ये डावीकडे बसला की हा उजवीकडे.

तरी तो आपला परसात गॅसच्या शेगडीवर हंडा चढवतच राहिला होता. पण फेब्रुवारीत बर्फावरून पाय सरकला आणि उकळत्या हंड्यातलं पाणी मांडीवर आलं. तीन आठवडे पट्ट्या बांधाव्या लागल्या. त्या तीन आठवड्यांत मर्ना फार बोलली नाही. पट्ट्या सुटल्या त्या दिवशी बोलली.

"बाहेरची आग बंद. करायचीच असेल तर घरात, विजेवर. आणि जोडणी नॉर्ब करेल. नाहीतर हंडा मी चर्चच्या जुन्या वस्तूंच्या सेलमध्ये देऊन टाकीन, त्यात लोक झेंडूची रोपं लावतील."

"बघतो," तो म्हणाला होता. त्या एका शब्दावर त्याने दीड महिना काढला. विजेवरचा नवा हंडा, पंपासकट, तेवढा आणून तळघरात ठेवला होता.

आता मात्र काढायला दिवस उरले नव्हते. जूनमध्ये त्यांच्या नातीचं, ब्रिटाचं लग्न. तिने आजोबांकडे एकच मागितलं होतं: त्यांची काळपट बिअर, जी थंडीत आठ आठवडे मुरवावी लागते. डेल्बर्टने कॅलेंडरवर बोट ठेवून मागे मागे मोजलं, तेव्हा बोट याच शनिवारवर येऊन थांबलं. शनिवारी हंडा उकळला नाही, तर लग्नाच्या मांडवात दुकानातली बिअर येणार आणि नॉर्ब ती चाखून म्हणणार, "बरी आहे."

मुख्य चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर ऑड्रा होती. चष्मा डोक्यावर, पेन्सिल कानामागे. तिने तिन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडल्या.

"झास्ट्रोसाहेब, हे एकाच घरातलं आहे की तीन घरांतलं?"

"एकाच."

"मग भिंत हलते की काय तुमची?"

"तू प्लग दाखव गं."

तिने दाखवले. हंड्याकडच्या टोकासाठी एक गोल, जाड, पिळून बसवायचा प्लग होता. आत घातला आणि पाव वळसा फिरवला की खट् असा आवाज व्हायचा, मग ओढलं तरी निघायचा नाही. डेल्बर्टने तो चार वेळा घातला, चार वेळा काढला. ओतकामाच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला चांगलं बसणारं लोखंड हातात आलं की सोडवत नाही.

"हा पक्का," तो म्हणाला. "आता भिंतीकडचा."

"तेच तर विचारतेय. भिंतीत भोकं किती? तीन की चार?"

"फरक काय पडतो?"

"चौथी पिन अर्थिंगची. वीज चुकून हंड्यात उतरली तर तिला जायला स्वतःची वाट. जुन्या घरांत तीनच असतात, तिथे अर्थिंग नाही. ड्रायरला चालून जातं ते. पण तुम्ही पाण्यात चमचा घालून उभे राहणार. नाहीतर भिंतीतल्या साध्या प्लगवर करा ना. हळू तापेल, पण तापेल."

साध्या प्लगवर! डेल्बर्टला ते हळू तापणारं पाणी डोळ्यांसमोर दिसलं. कडेने चार बुडबुडे येतात आणि मधे सगळं झोपलेलं. म्हणजे उकळी कमी. म्हणजे पुन्हा मका.

"ते नको," तो म्हणाला, जरा मोठ्यानेच.

"मग नॉर्बला विचारा. त्याला डोळे झाकून सांगता येईल."

"नॉर्ब सोडून कोणालाही विचारीन."

"गावात नॉर्ब सोडून उरलंय कोण?" ऑड्रा म्हणाली. "जा, भोकं मोजून या."

तो घरी गेला. मर्ना शेजारणीकडे गेलेली बघून तळघरात उतरला आणि ड्रायर पुढे ओढला. भोकं तीन. घराइतकाच जुना, पिवळा पडलेला सॉकेट. त्याला आधी बरं वाटलं, कारण आता ठरवायचं काही उरलं नव्हतं. मग बरं वाटेनासं झालं. जिन्यावर बसून त्याने उजव्या हाताची बोटं चोळली. कारखान्यात ग्राइंडर धरून धरून त्या बोटांना कायमच्या मुंग्या लागल्या होत्या. थंडीत ती पांढरी पडत आणि उन्हाळ्यात नुसती झिणझिणत. डॉक्टर म्हणाला होता, हे आता जायचं नाही.

तो पुन्हा दुकानात गेला आणि तीन पिनांचा प्लग घेतला. ऑड्राने तो पिशवीत घातला. मग कानामागची पेन्सिल काढली आणि परत ठेवली.

शुक्रवारी सकाळी मर्नाने कपडे धुवायच्या मशीनमध्ये टाकले आणि ती वर स्वयंपाकघरात गेली. डेल्बर्ट खाली जोडणीला बसला. हंड्याकडून येणाऱ्या जाड वायरीत चार तारा होत्या: काळी, लाल, पांढरी, हिरवी. प्लगला स्क्रू तीन. काळी एका पिनेला, लाल दुसरीला, पांढरी तिसरीला. हिरवी, अर्थिंगची, हातात उरली. ती तो कितीतरी वेळ बोटात धरून बसला. कापून टाकावी? मन धजेना. मग त्याला आठवलं, जुन्या ड्रायरमध्ये मशीनचा पत्रा पांढऱ्या तारेलाच जोडलेला असतो. चाळीस वर्षं मर्ना त्या पत्र्याला हात लावतेय, काही झालं का? त्याने हिरवीला पांढरीबरोबर पीळ दिला आणि दोन्ही एकाच स्क्रूखाली दाबल्या. वर टेप गुंडाळली. दिसायला काम स्वच्छ होतं.

मंडळाचा एक नियम होता, कागदावर नव्हता पण सगळे पाळत: नव्या हंड्याचं पहिलं पाणी एकट्याने उकळायचं नाही. दुसरा एक जण कोरड्या हाताने बटणापाशी उभा राहायचा, पाणी खळखळलं की दोघांनी जुन्या बाटलीतला एकेक घोट घ्यायचा, मगच त्या हंड्यात जव पडायचे. डेल्बर्ट स्वतः निदान दहा जणांच्या बटणापाशी उभा राहिला होता. त्याच्या बटणापाशी उभं राहायला कोण येणार? कोणाला बोलावलं तरी तो पहिलं विचारणार, "नॉर्बने बघितलं ना?"

त्याने ड्रायरचा प्लग काढला, आपला लावला, हंड्याकडचा पिळून बसवला. खट्. बटण दाबलं.

पाणी गरम होऊ लागलं तसं त्याचं मन थोडं शांत व्हायला हवं होतं, पण ते होईना. तो हंड्याभोवती फिरत राहिला. झाकण काढून बाकावर ठेवलं, पुन्हा उचलून खिळ्याला अडकवलं. हंड्याच्याच विजेवर चालणारा, पाणी फिरवायचा छोटा पंप सुरू केला. पंप चालला, अडखळला, पुन्हा चालला. "नवा आहे, हवा अडकली असेल," असं म्हणून त्याने त्याला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोन टपल्या मारल्या. नळीच्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं, जमीन ओली झाली होती. त्याच्या पायांत रबरी बूट होते. स्टीलच्या पळीने त्याने पाणी ढवळलं. बोटांना मुंग्या आल्या. त्या तर रोजच येत. त्याने पळी डाव्या हातात घेतली. तिथेही आल्या. डाव्या हाताला एरवी कमी येत, पण आज सकाळपासून तो स्क्रू पिळत होता. त्याने हात झटकला आणि ढवळत राहिला.

वीस मिनिटांत पाणी उसळू लागलं. गॅसवर सुद्धा अशी उकळी कधी आली नव्हती. सगळा हंडा खालून वर उलटत होता, वाफ छताला लागून खिडकीवर पसरत होती. "घे मका!" तो मोठ्याने म्हणाला. तळघरात दुसरं कोणी नव्हतं.

"कोणाशी बोलतोयस?"

मर्ना जिना उतरत होती. कडेवर ओल्या कपड्यांची टोपली, पाय उघडे.

"कोणाशी नाही."

"माझा ड्रायर का निघालाय? आणि हे सगळं लागलं कधी? नॉर्ब येऊन गेला?"

"तू वर जा ना. अर्ध्या तासात देतो तुझा ड्रायर."

"डेल्बर्ट, नॉर्ब येऊन गेला का?"

तो नळीचा सांधा आवळायला वाकला. तिला तेवढ्यावरून कळलं. तिने टोपली धुण्याच्या टाकीवर टेकवली, तोल सावरायला एका हाताने नळ धरला आणि वाफेतून हंड्यात डोकावताना दुसरा हात हंड्याच्या मुठीवर ठेवला.

"आई गं!"

तिचा हात असा उडाला की टोपली उलटली. ओले टॉवेल जमिनीवर सांडले. ती मागे सरकून ड्रायरला पाठ लावून उभी राहिली. तोंडाचा रंग गेला होता.

"भाजलं?" डेल्बर्टने विचारलं.

"भाजलं नाही." ती आपल्या हाताकडे बघत होती. "चावलं."

पंप अडखळला, चालला, अडखळला. आणि डेल्बर्टला एकदम सगळं कळलं, हातातून पळी पडावी तसं. मर्नाची बोटं कधी कारखान्यात गेली नव्हती. तिच्या बोटांना मुंग्या येत नसत. मघापासून त्याच्या हातात जे झिणझिणत होतं, ते कारखान्यातलं दुखणं नव्हतं. ती भिंतीतली वीज होती.

त्याने भिंतीवरच्या पेटीपाशी जाऊन मोठं बटण पाडलं. उकळी दोन क्षण उसळत राहिली, मग खाली बसली. तळघर इतकं गप्प झालं की टॉवेलमधून गळणारं पाणी ऐकू येऊ लागलं.

मर्ना ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. हंडा सेलमध्ये देईन असंही म्हणाली नाही. तिने खाली वाकून एक टॉवेल उचलला, पिळला आणि म्हणाली, "ब्रिटाच्या लग्नाला मी जिवंत असावी असं तुला वाटत असेल, तर फोन तू कर. मी नाही करणार."

फोन स्वयंपाकघरात होता. त्याने आकडे दाबले. ते त्याला अजून पाठ होते याचाच त्याला राग आला.

"बोला," नॉर्बचा आवाज.

"नॉर्ब."

"कोण?"

"डेल्बर्ट."

पलीकडे रेडिओ बंद झाला. मग नॉर्बने विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही. मर्नाला शॉक बसला. माझ्या हंड्याचा."

"बोलतेय का ती? छातीत धडधड? हात हलतो?"

"बोलतेय. टॉवेल पिळतेय."

"तिला खुर्चीत बसव. पेटीतलं बटण पाडलंस ना? कशाला हात लावू नकोस. तुझ्या त्या हातांनी तर मुळीच नको."

वीस मिनिटांत त्याची पिकअप दारात उभी राहिली. नॉर्ब आत आला तो डेल्बर्टकडे न बघता सरळ बहिणीकडे गेला. तिची नाडी धरली, तळवा उलटसुलट करून बघितला, "डॉक्टरकडे जाऊन ये, आजच, शेजारीण नेईल," म्हणाला. ती नको नको म्हणत होती, तरी त्याने तिला कोट घालून शेजारणीच्या गाडीत बसवलं. मग खाली उतरला. प्लगवरची टेप नखाने सोलली आणि आतला पीळ बघितला.

"हिरवी कुठे आहे?"

"पांढरीबरोबर."

"का?"

"ड्रायरमध्ये तशीच असते."

"ड्रायरमध्ये तू पळी घालून ढवळतोस का रे?" नॉर्बने सॉकेट भिंतीतून बाहेर काढला. पांढऱ्या तारेचा स्क्रू त्याने नुसता बोटाने फिरवला, तो फिरला. त्याखालचं तांबं काळं पडलं होतं. "हे बघ. पन्नास वर्षांचा सैल स्क्रू. पंपातून आलेल्या विजेला या तारेतून परत जायचं होतं. वाट बंद दिसली, म्हणून हिरवीवरून हंड्यात उतरली. तू पाणी ढवळत होतास आणि वीज तुला ढवळत होती."

"माझ्या हाताला नेहमीच मुंग्या येतात."

"माहीत आहे मला." नॉर्बने पहिल्यांदा वर बघितलं. "बटणापाशी कोण होतं?"

डेल्बर्टने खिळ्यावरचं झाकण सरळ केलं. ते सरळच होतं.

"पहिलं पाणी एकट्याने," नॉर्ब म्हणाला. "एकोणीस गुणांसाठी."

"तुला कसं कळलं ते एकोणीस..."

"दोन वर्षं चर्चमध्ये उजवीकडे बसतोस. मी काही आंधळा नाही. स्पर्धा झाल्यावर यादी बघितली. तुझी बाटली होती ते कळलं, तेव्हा दोन रात्री झोपलो नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मका नव्हता म्हणू?"

डेल्बर्ट जिन्याच्या पायरीवर बसला, उठला, पुन्हा बसला. नॉर्ब दुपारभर काम करत राहिला. पेटीपासून नवी चार तारांची केबल ओढली, भिंतीत चार भोकांचा सॉकेट बसवला, हंड्याच्या वाटेत वीज गळली की आपोआप पडणारं बटण लावलं. मग न विचारता ड्रायरलाही चार पिनांचा नवा प्लग जोडला. मर्ना संध्याकाळी परतली ती डॉक्टरचा कागद टेबलावर आपटून, "हृदय घोड्यासारखं आहे म्हणे," म्हणाली आणि आधी आपले टॉवेल ड्रायरमध्ये टाकले. तिघांनी तळलेले मासे खाल्ले. शुक्रवारी त्या घरात मासेच असत. जेवताना मासे आणि बटाट्याच्या धिरड्यांखेरीज कशाविषयी बोलणं झालं नाही.

शनिवारी सकाळी नॉर्ब आला आणि सरळ बटणापाशी उभा राहिला. हात पुसून कोरडे केले होते. साधं पाणी पुन्हा उकळलं. पंप न अडखळता चालला. नॉर्बने मीटरची एक सळी हंड्याला आणि दुसरी नळाला लावली.

"शून्य," तो म्हणाला. "लाव हात."

डेल्बर्टने हात पुढे केला आणि थांबला. मर्ना पायऱ्यांवर उभी होती, आज पायांत बूट घालून.

"उलटा हात," नॉर्ब म्हणाला. "तळव्याने नाही. शॉक बसला की तळवा आवळतो, सुटत नाही. कायम उलट्या हाताने."

डेल्बर्टने बोटांची मागची बाजू हंड्याला टेकवली. आणि त्याच्या बोटांना मुंग्या आल्या.

त्याने हात झटकन मागे घेतला. "येतायत," तो म्हणाला. "नॉर्ब, येतायत अजून."

नॉर्बने मीटर त्याच्या डोळ्यांसमोर धरला. काटा जागचा हलला नव्हता. "शून्य आहे, डेल्बर्ट. त्या तुझ्या आहेत."

डेल्बर्ट काट्याकडे बघत राहिला. मग आपल्या बोटांकडे. बोटं एक सांगत होती, काटा दुसरं. दोन वर्षांपूर्वी त्याची जीभ एक सांगत होती आणि नॉर्बचा कागद दुसरं. इतक्या वर्षांत आपल्या अंगातलं काय काय आपल्याशी खोटं बोलायला लागलं असेल, हे त्याला कोण सांगणार? त्याने हात पुन्हा हंड्याला टेकवला. मुंग्या येतच होत्या. त्याने हात तिथेच ठेवला.

"खरंच होता?" त्याने विचारलं. "मका?"

"होता."

"फार?"

"एकोणीस गुणांइतका."

मर्ना पायरीवरून म्हणाली, "तुमचं झालं असेल तर त्यात जव टाका. आठ आठवडे आहेत, नऊ नाहीत."

नॉर्बने जुनी बाटली उघडली. दोघांनी एकेक घोट घेतला. ही बिअर कधीची हे कोणी विचारलं नाही आणि नॉर्बने चव कशी तेही सांगितलं नाही. पाणी जरा निवल्यावर डेल्बर्टने पोतं उचललं. जव पाण्यात पडले, वर फेस आला, तळघरभर भाजलेल्या पावाचा वास पसरला. तासाभराने त्याने रस गाळून पुन्हा हंड्यात घेतला आणि उकळी वाढवली. त्याचा हात सवयीने खिळ्यावरच्या झाकणाकडे गेला. वाफ कोंडली की लवकर उकळतं, असं तो चाळीस वर्षं मानत आला होता.

"ते राहू दे तिथेच," बटणापासून नॉर्ब म्हणाला. "मका वाफेबरोबर जातो."

डेल्बर्टचा हात हवेत थांबला. "हे तू कागदावर का नाही लिहिलंस?"

"जागा संपली होती."

डेल्बर्टने झाकण खिळ्यावरून काढलं, बाहेर परसात नेलं आणि शेडच्या मागे ठेवून आला, म्हणजे पुन्हा सहज हाताला लागू नये. परत येऊन त्याने वाफेत तोंड घातलं, खोल श्वास घेतला आणि हुंगून बघितलं. त्याला काहीच कळेना. तो बाजूला सरकला.

"तू हुंग," तो नॉर्बला म्हणाला, आणि स्वतः कोरड्या हाताने बटणापाशी जाऊन उभा राहिला.